दहशतवाद: भांडण गावातलं, पाटी जगाची (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कुठेतरी बॉम्ब फुटला की तासाभरात दोनच नावं कानावर येतात, अल-कायदा नाहीतर इस्लामिक स्टेट. पुष्कळदा ती खरीही असतात. पण त्या नावापर्यंत पोहोचण्याआधी त्या गावात दहा-वीस वर्षं काहीतरी शिजत असतं आणि बातमीत त्याला दोन ओळीही मिळत नाहीत. त्या वीस वर्षांबद्दल लोक जे प्रश्न विचारतात ते इथे घेतले आहेत.

‘स्थानिक कारणं’ म्हणजे नेमकं काय?

व्याख्येपेक्षा उदाहरण बरं. ईशान्य नायजेरियातल्या मैदुगुरी शहरात २००२ च्या सुमारास मोहम्मद युसूफ नावाचा तरुण मौलवी प्रवचनं देऊ लागला. सरकारी शिक्षण आणि भ्रष्ट अधिकारी यांच्यावर तो तुटून पडायचा. बेकार पोरांच्या जेवणाखाण्याची, राहण्याची सोयही तो करायचा. जून २००९ मध्ये त्याच्या अनुयायांची एक अंत्ययात्रा निघाली होती. मोटरसायकलवर हेल्मेट का घातलं नाही, यावरून सुरक्षा पथकाशी बाचाबाची झाली आणि गोळीबार झाला. पुढच्याच महिन्यात उठाव झाला, लष्कर उतरलं, शेकडो माणसं मेली. युसूफला सैनिकांनी जिवंत पकडून पोलिसांच्या ताब्यात दिलं आणि त्याच दिवशी तो कोठडीत मारला गेला. सुमारे वर्षभरात त्याची संघटना, जिला बाहेरचे लोक बोको हराम म्हणतात, अबूबकर शेकाउच्या हाताखाली पुन्हा उभी राहिली. आता ती पोलिस ठाणी आणि तुरुंग फोडत सुटली होती.

यात इराक नाही, सीरिया नाही, अफगाणिस्तानही नाही. राजधानीने वाऱ्यावर सोडलेला प्रांत आहे, सुशिक्षित असो वा अशिक्षित, काम नसलेली तरुण मंडळी आहेत, मुजोर पोलिस आहेत आणि कोठडीतला एक मृत्यू आहे. स्थानिक कारणं म्हणजे हे सगळं. युसूफची विचारसरणी जहाल होती आणि त्याच्या माणसांनीही रक्त सांडलं होतं. त्यात निष्पाप शोधण्यात अर्थ नाही. मुद्दा इतकाच, की या आगीची पहिली काडी मैदुगुरीतच पडली.

मग गरिबी हेच मूळ कारण म्हणायचं का?

नाही, हे उत्तर सोयीचं आहे पण अपुरं. अमेरिकी अर्थतज्ज्ञ ॲलन क्रूगर यांनी हल्लेखोरांची पार्श्वभूमी तपासली तेव्हा गरिबी किंवा अल्पशिक्षण यांचा दहशतवादाशी सरळ संबंध त्यांना सापडला नाही. श्रीलंकेत २०१९ च्या ईस्टरला ज्यांनी स्वतःला उडवून दिलं, त्यांच्यात कोलंबोतल्या एका धनाढ्य मसाला व्यापाऱ्याचे दोन मुलगे होते.

संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने आफ्रिकेत केलेलं काम इथे जास्त उपयोगी पडतं. अशा संघटनांत स्वखुशीने गेलेल्या ४९५ जणांशी त्यांनी बोलून २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले. सामील होण्याचा शेवटचा निर्णय कशामुळे झाला, या प्रश्नावर ७१ टक्के लोकांनी सरकारी कारवाईकडे बोट दाखवलं: घरचं कुणी मारलं गेलं, मित्राला उचलून नेलं, अशी कारणं. २०२३ मध्ये आठ देशांतल्या सुमारे २,२०० लोकांशी बोलून तेच काम पुन्हा केलं. तेव्हा स्वखुशीने गेलेल्यांपैकी २५ टक्क्यांनी रोजगार हे मुख्य कारण सांगितलं, तर धर्म हे कारण १७ टक्क्यांनी.

हे आकडे वाचताना एक पथ्य पाळायला हवं. पकडला गेलेला माणूस स्वतःबद्दल जे सांगतो ते सगळंच खरं मानू नये, सरकारवर ढकलणं त्याला सोपं असतं. तरीही इतक्या वेगवेगळ्या देशांतली माणसं एकच गोष्ट सांगत असतील तर ती दुर्लक्षून चालत नाही. उपाशी माणूस बंदूक उचलतोच असं नाही. पण अपमान झालेला, दाद मागायला जागा नसलेला आणि वर उपाशी असलेला माणूस भरती करणाऱ्याच्या नजरेत लगेच भरतो.

यात धर्माची काहीच भूमिका नाही?

आहे. धर्म शत्रू कोण ते सांगतो, मरण्याला अर्थ देतो, एका खेड्यातल्या माणसाला दूरच्या देशातल्या अनोळखी माणसाशी ‘आपण एक’ असं नातं जोडून देतो. पण तेच धर्मग्रंथ वाचणारी शेजारची दहा गावं शांत असतात. तेव्हा एकाच गावात आग का लागली, याचं उत्तर ग्रंथात सापडत नाही.

अल-कायदा, इस्लामिक स्टेट यांचं ‘जाळं’ म्हणजे मग काय असतं?

मुख्यालय, शाखा, शाखाधिकारी अशी रचना डोळ्यासमोर आणली तर फसगत होते. स्थानिक टोळी निष्ठेची शपथ जाहीर करते, केंद्र ती स्वीकारतं आणि दारावर नवी पाटी लागते. टोळीला त्यातून दबदबा मिळतो, नवी पोरं मिळतात, प्रचाराचं साहित्य मिळतं, कधी थोडा पैसा आणि बॉम्ब बनवायचं कसब मिळतं. केंद्राला मिळतो जगाच्या नकाशावर एक नवा ठिपका. स्वतः पराभवाच्या छायेत असलेल्या केंद्राला हा ठिपका फार मोलाचा असतो.

अल्जीरियातली गोष्ट घ्या. तिथे डिसेंबर १९९१ मध्ये निवडणुकीच्या पहिल्या फेरीत इस्लामी पक्ष जिंकत आहे असं दिसताच जानेवारी १९९२ मध्ये लष्कराने निवडणूकच रद्द केली. त्यातून गृहयुद्ध पेटलं. त्या युद्धातून उरलेली एक दमलेली, एकाकी पडलेली संघटना २००६ मध्ये अल-कायदाला जाऊन मिळाली आणि २००७ पासून ‘इस्लामी मगरिबमधली अल-कायदा’ झाली (मगरिब म्हणजे आफ्रिकेचा वायव्य भाग). देशात पराभव झाल्यावर जगाचं नाव घेतलेल्या संघटना पुष्कळ आहेत. ही त्यांतली एक.

पण शपथ घेतली म्हणजे हुकूम वरून येत असतील ना?

कागदपत्रं वाचली की हा समज बराच ढिला पडतो. पाकिस्तानातल्या अबोटाबादच्या ज्या घरात ओसामा बिन लादेन मारला गेला, तिथे सापडलेल्या पत्रांत त्याचं २०१० मधलं एक पत्र आहे, सोमालियातल्या अल-शबाबच्या म्होरक्याला लिहिलेलं. अल-शबाबला अल-कायदाशी जाहीर विलीनीकरण हवं होतं. बिन लादेन ते टाळत होता: नातं उघड केलंत तर शत्रू आणखी चवताळेल, आणि दुष्काळाने गांजलेल्या मुलखात मदत आणणं अवघड होईल, असं त्याचं म्हणणं. म्हणजे पाटी मागणारे खालचे होते आणि नको म्हणणारा वरचा. तो मारला गेल्यावर, फेब्रुवारी २०१२ मध्ये, त्याचा वारस अयमन अल-जवाहिरीने ते विलीनीकरण जाहीर केलं.

दुसरा कागद मालीतल्या टिंबक्टूमध्ये पत्रकारांच्या हाती लागला. उत्तर आफ्रिकेतल्या अल-कायदाच्या वरिष्ठांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये मोख्तार बेलमोख्तार या आपल्या बंडखोर सरदाराला झाडलेलं ते लांबलचक पत्र आहे. त्यातल्या तक्रारी कुठल्याही सरकारी कचेरीत शोभाव्यात: फोन उचलत नाहीस, बैठकांना येत नाहीस, हिशेब आणि अहवाल पाठवत नाहीस, आणि कॅनडाच्या ओलिसांचा सौदा अवघ्या सात लाख युरोंत उरकलास. बेलमोख्तारने उत्तर दिलं नाही. तो बाहेर पडला, स्वतःची टोळी काढली आणि जानेवारी २०१३ मध्ये अल्जीरियातल्या इन अमेनास वायुप्रकल्पावर हल्ला केला.

इराकातही हेच. तिथल्या एका जिहादी संघटनेचा म्होरक्या अबू मुसाब अल-झरकावीने २००४ मध्ये बिन लादेनशी निष्ठा जाहीर केली. २००५ मध्ये जवाहिरीने त्याला लिहिलं, की शियांच्या कत्तली आणि मुंडकी उडवण्याची दृश्यं आपल्याला सामान्य मुसलमानांत बदनाम करताहेत. झरकावीने ऐकलं नाही. त्याच पत्रात जवाहिरीने त्याच्याकडे एक लाखाची मदतही मागितली होती. पैसा कुठून कुठे वाहत होता हे त्यावरून कळतं. पुढे झरकावीच्या याच संघटनेचा इस्लामिक स्टेट झाला आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये अल-कायदाला तिच्याशी संबंध तोडल्याचं जाहीर करावं लागलं.

शपथ मोडताही येते. सीरियातल्या नुसरा आघाडीने जुलै २०१६ मध्ये अल-कायदाची पाटी उतरवली. तिचा म्होरक्या जोलानी डिसेंबर २०२४ मध्ये दमास्कसमध्ये शिरला आणि अहमद अल-शरा या खऱ्या नावाने राष्ट्राध्यक्ष झाला.

बोको हरामचं पुढे काय झालं?

मार्च २०१५ मध्ये शेकाउने इस्लामिक स्टेटशी निष्ठा जाहीर केली. ऑगस्ट २०१६ मध्ये इस्लामिक स्टेटने त्याला बाजूला सारून अबू मुसाब अल-बरनावी याचं नाव पुढे केलं. हा त्या मारल्या गेलेल्या मोहम्मद युसूफचाच मुलगा. शेकाउ खुर्ची सोडायला तयार झाला नाही, संघटना फुटली आणि दोन्ही गट एकमेकांवर उठले. मे २०२१ मध्ये प्रतिस्पर्धी गटाने घेरल्यावर शेकाउने स्वतःला उडवून घेतलं. केंद्राला म्होरक्या नेमता आला, पण तो नांदवता आला नाही. वारसा कुणाचा, या भाऊबंदकीचा निकाल मैदुगुरीच्या आसपासच्या जंगलातच लागला.

गुरांच्या चराईवरून दहशतवाद होतो हे खरं आहे?

मध्य मालीपुरतं बोलायचं तर बऱ्याच अंशी खरं आहे, आणि तिकडे बातम्यांचं लक्ष फार कमी जातं. नायजर नदीच्या आतल्या त्रिभुज प्रदेशात पूर ओसरला की हिरवीगार कुरणं उघडी पडतात. त्या कुरणांचा वहिवाटी हक्क काही घराण्यांकडे आहे आणि बाकीच्या फुलानी गुराख्यांना तिथे गुरं चारण्यासाठी पैसे मोजावे लागतात. हे पैसे वर्षांगणिक वाढत गेले. शेती पसरली, गुरांच्या वाटा अडल्या. वनखात्याचा दंड, न्यायालयात वर्षानुवर्षं लोंबकळणारे खटले, वर प्रत्येक पायरीवर लाच.

तिथे अमादू कुफा हा प्रवचनकार उभा राहिला. त्याचा काटिबा मासिना हा गट २०१५ च्या सुमारास पुढे आला. त्याने खलिफाच्या गोष्टी केल्याच, पण जोडीला चराईसाठी घेतल्या जाणाऱ्या पैशांविरुद्ध बोलला, आणि त्याच्या माणसांनी जमिनीचे तंटे झटपट निकालात काढायला सुरुवात केली. निकाल क्रूर असत, पण लागत. मार्च २०१७ मध्ये हा गट इतर तीन गटांसह अल-कायदाशी बांधलेल्या आघाडीत सामील झाला. तिचा प्रमुख इयाद अग घाली हा उत्तर मालीतल्या तुआरेग या वाळवंटी जमातीच्या १९९० च्या बंडाचा नेता. मधल्या काळात त्याने मालीच्या सरकारसाठी सौदी अरेबियात राजनैतिक नोकरीही केली होती. त्या एका माणसाचं आयुष्य वाचलं तरी ‘जागतिक जिहादी’ हे वर्णन किती तोकडं आहे ते दिसतं.

यानंतर जे झालं ते आणखी वाईट. ‘फुलानी म्हणजे दहशतवादी’ असं समीकरण झालं. शेती करणाऱ्या डोगोन समाजातून सशस्त्र टोळ्या निघाल्या. २३ मार्च २०१९ रोजी ओगोसागू या फुलानी गावात दीडशेहून अधिक माणसं कापली गेली, जाळली गेली. अशा एका रात्रीनंतर भरतीसाठी प्रचारकाची गरज उरत नाही.

जिथे कधी काहीच नव्हतं तिथे अचानक इस्लामिक स्टेट कसा उगवतो?

अचानक उगवत नाही. मोझांबिकच्या उत्तरेकडचा काबो देल्गादो प्रांत पाहा. २००९ मध्ये तिथे मोंतेपुएझ भागात माणकांचा प्रचंड साठा सापडला, २०१० मध्ये समुद्रात नैसर्गिक वायू सापडला. हाताने माणकं खणणाऱ्या हजारो लोकांना २०१७ मध्ये तिथून हुसकावलं गेलं. किनाऱ्यावरच्या म्वानी लोकांची जुनी भावना अशी, की सत्ताधारी पक्षातल्या वजनदार मंडळींनी आणि आतल्या भागातल्या माकोंदेंनी सगळं ओरपलं आणि आपल्या वाट्याला मासेमारीसुद्धा धड उरली नाही. ५ ऑक्टोबर २०१७ रोजी मोसिंबोआ दा प्राया गावातल्या पोलिस ठाण्यांवर हल्ला झाला.

गावकरी हल्लेखोरांना ‘अल-शबाब’ म्हणू लागले. सोमालियातल्या अल-शबाबशी त्यांचा संघटना म्हणून संबंध नव्हता. इस्लामिक स्टेटने इथल्या हल्ल्याचा पहिला दावा केला जून २०१९ मध्ये, म्हणजे बंड सुरू होऊन दीड वर्ष उलटल्यावर. मार्च २०२१ मध्ये पाल्मा शहरावर हल्ला झाला आणि फ्रेंच कंपनीने आपला वायुप्रकल्प थांबवला, तेव्हा कुठे जगाने नकाशा उघडला. तोवर मथळ्यासाठी पाटी तयारच होती.

म्हणजे जागतिक जाळ्याला काही अर्थच नाही?

असं म्हणणं दुसऱ्या टोकाला जाणं होईल. ११ सप्टेंबर २००१ चा कट स्थानिक तक्रारीतून समजत नाही. त्यामागे एक केंद्र होतं, छावण्या होत्या, पैसा होता, वर्षानुवर्षांची आखणी होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसमध्ये १३० माणसं मारली गेली, तो कटही सीरियात शिजला. तो पार पाडणारे मात्र पुष्कळसे ब्रुसेल्समधल्या मोलनबीक या एकाच वस्तीतले मित्र आणि भाऊ होते.

आणखी एक गोष्ट सीमा ओलांडून जाते: तंत्र. आत्मघातकी गाडीबॉम्ब सोमालियाच्या युद्धात पूर्वी नव्हता, २००६ मध्ये आला. नायजेरियात तो २०११ मध्ये आला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अबुजातल्या संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीवर वापरला गेला. राग गावातच तयार होतो. एका रागातून किती माणसं मारता येतील, हे मात्र बाहेरून शिकवलं जाऊ शकतं. म्हणून ‘सैल’ नातं म्हणजे निरुपद्रवी नातं नव्हे.

श्रीलंकेतल्या ईस्टर हल्ल्यात काय होतं, स्थानिक की जागतिक?

दोन्ही, आणि त्यांचं प्रमाण अजूनही वादाचं आहे. म्होरक्या झहरान हाशिम हा पूर्व किनाऱ्यावरच्या कट्टनकुडीचा प्रवचनकार. त्याचं पहिलं वैर ना ख्रिश्चनांशी होतं ना अमेरिकेशी, ते गावातल्याच सूफी मुसलमानांशी होतं. मार्च २०१७ मध्ये त्यांच्यात मारामारी झाली आणि पोलिसांच्या भीतीने तो भूमिगत झाला. दुसरीकडे, २०१४ मध्ये अलुथगामात आणि मार्च २०१८ मध्ये कँडीजवळच्या दिगना भागात मुसलमानांविरुद्ध दंगली झाल्या. भरती करणाऱ्याला याहून चांगला पुरावा कुठून मिळणार? या सगळ्यानंतर २१ एप्रिल २०१९ ला चर्च आणि हॉटेलांमध्ये अडीचशेहून जास्त माणसं गेली.

इस्लामिक स्टेटने दावा केला तो दोन दिवसांनी, शपथेची चित्रफीत हातात पडल्यावर. ज्या चर्चमध्ये बॉम्ब फुटले त्या समाजाचं झहरानच्या गावाशी काहीच भांडण नव्हतं. लक्ष्य उसनं होतं, जगाच्या कहाणीतून घेतलेलं. आणि ज्या इशाऱ्यांवरून हे रोखता आलं असतं ते भारतीय गुप्तचरांकडून आधीच पोहोचले होते. पण तेव्हा श्रीलंकेचे राष्ट्रपती आणि पंतप्रधान यांच्यात इतकं फाटलं होतं, की पंतप्रधानांना सुरक्षा परिषदेच्या बैठकीचं बोलावणंही जात नव्हतं.

परदेशात लढायला जाणारे तरी ‘जागतिक’ असतात ना?

सीरिया-इराकमध्ये ११० हून अधिक देशांतून ४०,००० च्या वर लोक गेले, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. आकडा जगाचा वाटतो, पण यादी उघडली की गल्ल्या दिसू लागतात. २००७ मध्ये इराकच्या सिंजार भागात अमेरिकी सैन्याला अशा सुमारे सहाशे लढवय्यांच्या नोंदी सापडल्या. लिबियातल्या देर्ना या एका छोट्या बंदरगावातून आलेले ५२ जण त्यात होते, तर सौदीची अख्खी राजधानी रियाध धरून ५१. देर्नात असं काय होतं? गद्दाफीने १९९० च्या दशकात त्या पट्ट्यातल्या इस्लामी बंडखोरांना चिरडलं होतं, तिथली माणसं तुरुंगात नाहीशी झाली होती, आणि आधी अफगाणिस्तानात जाऊन आलेल्यांचा एक पिढीजात मान होता. मोठा भाऊ गेला, मग धाकटा, मग त्याचा वर्गमित्र.

पैसा कुठून येतो?

बहुतेक ठिकाणी आसपासच्या लोकांच्याच खिशातून. अल-शबाब नाक्यांवर मालमोटारींकडून कर घेते आणि पावती देते, म्हणजे पुढच्या नाक्यावर पुन्हा द्यावा लागत नाही. कोळशाच्या निर्यातीवरही तिने वर्षानुवर्षं कमाई केली, म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०१२ मध्ये सोमाली कोळशावर बंदी घातली. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यात ओलिसांची खंडणी, तस्करी, सोन्याच्या खाणी. परदेशी देणगीदार असतात, पण त्यांच्यावर संसार चालत नाही.

हे फक्त इस्लामी संघटनांबद्दलच आहे का?

मुळीच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेला अराजकवाद्यांच्या बॉम्बांनी आणि खंजिरांनी पछाडलं होतं. १८९४ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष कार्नो, १८९८ मध्ये ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ, १९०१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली मारले गेले. सरकारांची खात्री होती की यामागे एकच आंतरराष्ट्रीय कट आहे. त्यावर १८९८ मध्ये रोममध्ये परिषदही भरली. तसा कट नव्हता. होती ती वर्तमानपत्रं, स्थलांतरित मजुरांच्या वस्त्या आणि एकमेकांच्या कृत्यांनी चेतवली जाणारी माणसं.

इटलीचा राजा उंबेर्तो याचा १९०० मध्ये खून करणारा गाएतानो ब्रेशी अमेरिकेतल्या पॅटर्सन गावच्या रेशीमगिरणीत काम करायचा. तो समुद्र ओलांडून आला तो इटलीतल्या रागाने: १८९८ मध्ये मिलानमध्ये पावाच्या महागाईवरून निघालेल्या जमावावर तोफा डागणाऱ्या सेनापतीला राजाने पदक दिलं होतं.

अलीकडचं बघायचं तर १५ मार्च २०१९ ला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ जणांना मारणारा गोरा वर्चस्ववादी ऑस्ट्रेलियन होता. नॉर्वेत २०११ मध्ये ७७ जणांना मारणाऱ्याचा तो चाहता होता आणि ऑस्ट्रियातल्या एका अतिउजव्या नेत्याला त्याने देणगी पाठवली होती. शपथ नाही, संघटना नाही, हुकूम नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टेक्सासमधल्या एल पासोच्या हल्लेखोराने त्याच्या जाहीरनाम्याचं कौतुक केलं, पण गोळ्या घातल्या त्या सीमेवरच्या हिस्पॅनिक लोकांवर. कहाणी उसनी आणि शत्रू घरचा, श्रीलंकेच्या नेमकं उलट.

सरकारं ‘जागतिक कट’ असं का म्हणत राहतात?

कारण ते सोयीचं असतं. कट बाहेरचा असेल तर कोठडीतल्या मृत्यूचा, बुडवलेल्या निवडणुकीचा, हिसकावलेल्या जमिनीचा हिशेब द्यावा लागत नाही. शिवाय परदेशी मदत आणि शस्त्रंही मिळतात. चेचन्यातलं १९९४ चं युद्ध स्वातंत्र्याच्या मागणीचं होतं. २००१ नंतर मॉस्कोने ते जागतिक दहशतवादाविरुद्धच्या लढ्याचा भाग म्हणून मांडलं. गंमत अशी, की उरलेल्या बंडखोरांनीही २००७ मध्ये चेचेन प्रजासत्ताकाची भाषा सोडून ‘कॉकेशस अमिरात’ जाहीर केली. दोन्ही बाजूंना पाटी हवी होती, आणि तिच्याखाली मूळ प्रश्न गाडला गेला.

मग २६/११ चं काय? तेही ‘स्थानिक’ म्हणायचं?

नाही. इथे तिसरा खेळाडू येतो आणि तो म्हणजे शेजारचं राष्ट्र. दहा जण कराचीहून समुद्रमार्गे आले, हल्ला चालू असताना सीमेपलीकडून त्यांना फोनवर सूचना मिळत होत्या, १६६ माणसं मारली गेली. मुंबईची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने शिकागोच्या न्यायालयात आयएसआयच्या अधिकाऱ्याशी संबंध असल्याची साक्ष दिली. याला सैल नातं म्हणता येणार नाही.

पण राष्ट्रपुरस्कृत हिंसेलाही स्थानिक फट लागते. काश्मीरमध्ये १९८७ च्या विधानसभा निवडणुकीत गैरप्रकार झाल्याचे आरोप सर्वदूर झाले. श्रीनगरच्या अमीराकदल मतदारसंघात तेव्हा हरलेला मोहम्मद युसूफ शाह पुढे सय्यद सलाहुद्दीन या नावाने हिजबुल मुजाहिदीनचा म्होरक्या झाला. छावण्या आणि शस्त्रं पाकिस्तानने पुरवली, आणि काही वर्षांत सूत्रंही त्याच्याच हातात गेली. फट कुणी पाडली आणि पाचर कुणी ठोकली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाचं उत्तर दिलं म्हणून दुसरा सुटत नाही.

अशी कारणं सांगणं म्हणजे दहशतवाद्यांची वकिली नाही का?

आगीचं कारण शोधणारा आग लावणाऱ्याचा वकील नसतो. शिवाय त्याच गावात, तोच अन्याय सोसून, हजारो लोक बंदूक उचलत नाहीत. ज्याने उचलली त्याची जबाबदारी त्याचीच.

अशा संघटना संपतात कशा?

रँड या अमेरिकी संस्थेने १९६८ ते २००६ दरम्यानच्या ६४८ संघटनांचा अभ्यास केला. ज्या संपल्या, त्यांपैकी ४३ टक्के राजकारणात शिरून आणि ४० टक्के पोलिस व गुप्तचरांच्या कामामुळे संपल्या. १० टक्क्यांनी आपलं उद्दिष्ट गाठलं. लष्करी बळाने संपलेल्या फक्त ७ टक्के. पोलिसांचा आकडा मला सगळ्यांत बोलका वाटतो. गल्ली ओळखणारा हवालदार जे करू शकतो ते रणगाड्याला जमत नाही, मात्र त्या हवालदारावर गल्लीचा भरवसा हवा.

उत्तर आयर्लंडमध्ये ऑगस्ट १९७१ पासूनची विनाचौकशी धरपकड आणि ३० जानेवारी १९७२ चा डेरी शहरातला गोळीबार यांनी आयआरएला (आयरिश रिपब्लिकन आर्मी, तिथली बंडखोर संघटना) रांगा लावून माणसं दिली. लिबियाने शस्त्रं धाडली, अमेरिकेतल्या आयरिश लोकांनी वर्गणी दिली. ही रसद तोडल्याने संघर्ष लांबण्याला आळा बसला असेल, पण तो मिटला १९९८ च्या कराराने, ज्यात लिबिया कुठेच नव्हता.

फिलिपिन्सच्या मिंदानाओत हे काम अजून अर्ध्यावर आहे. तिथल्या मुसलमान बंडखोरांच्या मोरो इस्लामी मुक्ती आघाडीशी सरकारने २०१४ मध्ये करार केला. जानेवारी २०१५ मध्ये मामासापानो इथल्या चकमकीत ४४ पोलिस कमांडो मारले गेले आणि स्वायत्ततेचं विधेयक संसदेत अडकलं. वाट पाहून कंटाळलेल्या तरुणांना माउते बंधूंनी हेरलं, इस्लामिक स्टेटचा झेंडा उभारला आणि मे २०१७ मध्ये मरावी शहर ताब्यात घेतलं. पाच महिन्यांच्या वेढ्यात हजाराहून जास्त माणसं मेली, शहराचा मध्यभाग मातीला मिळाला. त्यानंतर मात्र कायदा हलला: २०१८ मध्ये संमत झाला, जानेवारी २०१९ मध्ये सार्वमत झालं आणि जुन्या बंडखोरांचा नेता हंगामी सरकारचा प्रमुख झाला. बांगसामोरो या नव्या स्वायत्त प्रदेशाच्या पहिल्या संसदेची निवडणूक २०२२ मध्ये व्हायची ठरली होती. ती लांबणीवर टाकली गेली, आणि मग पुन्हा लांबणीवर टाकली गेली.